न धुतलेल्या नळ्या

दसरा उलटला की सकाळच्या एसटीच्या खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत येतो. ओलसर, जरासा गोड, खाली थोडा चिखलाचा. माझ्या शेजारी बसणारी पोस्टातली बाई दर वर्षी न चुकता म्हणते, आता नवे पोहे खायचे दिवस आले. मी हो म्हणते. पण त्या वासाबरोबर मला पोहे आठवत नाहीत. माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जातो आणि डोक्यात एकच आकडा येतो, वीस मिनिटं.

यंदा त्या वासात धास्ती मिसळलेली होती. आमच्या सरकारी रुग्णालयात अंतर्गत बदल्यांची यादी सोमवारी लागणार होती. कोणती सिस्टर कोणत्या विभागात, हे पूर्वी वर्षानुवर्षं बदलत नसे; यंदाच्या नव्या नियमाने ते दर सहा महिन्यांनी ठरणार होतं. अपघात विभागातून मी, तन्वी आणि नीलम अशा तिघींचीही नावं हलणार, हे कार्यालयातल्या कारकुनाने मला आधीच सांगितलं होतं. मी डोळ्यांच्या विभागात, तन्वी बालकक्षात, नीलम लसीकरणाला. आणि शेतं तर निम्मीसुद्धा कापून झाली नव्हती.

बाहेरच्या माणसाला यात धास्ती कसली ते कळायचं नाही. त्यासाठी फुरसं माहीत असायला हवं. वीत-दीड वीत लांबीचा, वाळक्या पानाच्या रंगाचा हा साप आमच्याकडे बांधाच्या चिऱ्यांत राहतो, गवताच्या पेंढीत शिरतो. कापणीत माणूस वाकलेला असतो, हात पेंढीखाली आणि पाय उघडे. चावल्याचं कधी कधी कळतसुद्धा नाही, काटा बोचला असं वाटतं. त्याचं विष रक्ताचा गोठण्याचा गुण घालवतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येत राहतं. विष अंगात भिनलंय की नाही, हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला अजिबात धक्का न लावता ठेवायची आणि मग हळूच तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर सध्या धोका नाही, काही तासांनी पुन्हा बघायचं. पाण्यासारखं वाहिलं, तर औषध सुरू. एवढंच. शाळेतल्या मुलीलाही करता येईल असं वाटतं. मलाही तेच वाटलं होतं.

मी अपघात विभागात आले त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि भात उभं असतानाच आडवं झालं होतं. त्याआधी मी बारा वर्षं प्रसूती कक्षात काढली होती. तिथली स्वच्छता हा माझा अभिमान. माझ्या ट्रे-मध्ये तोंड बघून घ्यावं, असं बायका म्हणायच्या आणि मी ते दोनदा ऐकून घ्यायचे. मला अपघात विभागात ज्यांच्या जागी पाठवलं होतं, त्या लुईझा सिस्टर. देवबागच्या. ठेंगणा बांधा, पांढरे होत चाललेले केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कायम कोणीतरी उसनी वस्तू परत न केल्याचा भाव. अठरा वर्षं त्या याच एका खोलीत होत्या आणि आसपासच्या गावांत लोक त्यांना ‘फुरशाची सिस्टर’ म्हणत. माणूस चावला की घरचे म्हणायचे, फुरशाच्या सिस्टरकडे न्या. डॉक्टर दर वर्षी बदलत. डॉक्टरांची नावं कोणी लक्षात ठेवत नसे.

त्या काय करत, हे मी नंतर बघितलं. आलेल्या माणसाच्या हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या त्या आधी उतरवत, कारण सूज चढली की ते निघत नाही. सुजेची कड जिथे असेल तिथे बॉलपेनने रेघ मारून बाजूला वेळ लिहीत. मग ओठ वर करून हिरड्या बघत. आणि हे सगळं करताना विचारत, “काय जेवलंस रे दुपारी?” माणूस घाबरलेला असायचा, पण जेवणाचं विचारल्यावर तो कोळंबीच्या सुक्यावर बोलायला लागायचा आणि त्याची छाती जरा खाली बसायची. आधी मांत्रिकाकडे जाऊन आलेल्यांना त्या रागवत नसत. रागावलं की पुढचा माणूस खोटं सांगतो आणि मग वेळेचा हिशोब चुकतो, असं त्यांचं म्हणणं. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही.

पण हे नंतरचं. चार्ज घेतला त्या दिवशी आमच्याकडे पंधरा मिनिटं होती, त्यातली पाच फोनने खाल्ली. कपाटात काचेच्या नळ्यांचं नवं खोकं होतं. नळ्यांवर गोदामातली पांढरट धूळ. लुईझा सिस्टर म्हणाल्या, “खोक्यातली नळी तशीच घी. धुवू नको.” मी कारण विचारलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, धुळीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाईंना आळशीपणाची सवय झालीय. मला तेव्हा ते ज्ञान वाटलंच नाही. भिंतीवर लावलेलं नव्हतं, परिपत्रकात नव्हतं, एका जुन्या नर्सच्या तोंडी होतं. डॉक्टरांनी तेच वाक्य सांगितलं असतं तर मी वहीत लिहून घेतलं असतं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

त्या संध्याकाळी मी खोक्यातल्या सगळ्या नळ्या गरम पाण्यात साबणाची पावडर घालून धुतल्या. ब्रशने आतून घासल्या. फडक्यावर उलट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात त्या अशा चकाकत होत्या की मी उगीचच दोनदा कपाट उघडून बघितलं.

अकराच्या सुमाराला बबन आला. पन्नाशीचा, पिंढऱ्यांना ओलं गवत चिकटलेलं, टाचेच्या वर दोन टिंबं. बायको मागोमाग, हातात विळा तसाच. शेतात कोणीतरी गुडघ्याखाली सुंभाने करकचून बांधलं होतं आणि पाय टरटरून सुजला होता. मी रक्त घेतलं, नळीत घातलं, घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त धारेने एका बाजूला आलं. ड्युटीवरचे डॉक्टर नवे होते, माझ्याइतकेच नवे. सूज होती, रक्त गोठत नव्हतं, त्यांनी औषध सुरू करायला सांगितलं. फ्रिजमध्ये दोन माणसांपुरतं होतं.

हे औषध जीव वाचवतं, पण काहींच्या अंगावर उलटतं. बबनच्या उलटलं. आधी तो अंग खाजवायला लागला. मग थंडी वाजायला लागली, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि रक्तदाब खाली खाली जायला लागला. डॉक्टरांनी धावपळ करून त्याला वर आणलं. पाऊण तासाने तो पाणी मागायला लागला. त्या पाऊण तासात त्याची बायको दाराशी उभी होती आणि तिने विळ्याची मूठ सोडली नव्हती. मला वाटत होतं, विष किती वाईट आहे. विषाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते.

दुपारी अडीचला सुनंदा आली. अंगणवाडीत मदतनीस, कापणीपुरती रजा काढलेली, रिक्षाने एकटीच आलेली. बोटाला चावलं होतं. सूज नव्हती. तिने स्वतःच बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या होत्या. मी चकाकती नळी घेतली. वीस मिनिटांनी रक्त पुन्हा वाहिलं. डॉक्टर म्हणाले, उरलेलं औषध काढा. बबनला काय झालं ते सुनंदाने बाजूच्या खाटेवर बघितलं होतं. ती मला म्हणाली की घरी दोन मुली आहेत, त्यांना शाळेतून आणायला कोणी नाही, हे औषध द्यायलाच हवं का? मी हो म्हटलं. अगदी ठामपणे म्हटलं.

तेवढ्यात लुईझा सिस्टर आल्या. त्यांची नव्या विभागातली ड्युटी संपली होती, खांद्याला डब्याची पिशवी होती. सकाळपासून दोन आलेत एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी सुनंदाचं बोट बघितलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या. बबनच्या गुडघ्याखालचा सुंभाचा वळ बघितला, त्याच्याही हिरड्या बघितल्या. मग स्टँडवरची नळी उचलून उजेडाकडे धरली.

“ह्यो नळयो कोणी धुतल्यो?”

मी सांगितलं, मी. सांगताना आवाजात थोडा अभिमान होता, तो मला आजही ऐकू येतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, “हात दी.”

माझंच रक्त काढून त्यांनी माझ्याच एका धुतलेल्या नळीत घातलं. डॉक्टरांना म्हणाल्या, शुद्ध मराठीत, सर, वीस मिनिटं थांबू या, बाई ठीक आहेत. डॉक्टर थांबले, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मग आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. सुनंदाने घरी फोन करून शेजारणीला मुलींना आणायला सांगितलं. वीस मिनिटं झाल्यावर लुईझा सिस्टरनी नळी तिरकी केली. माझं रक्त पाण्यासारखं वाहिलं.

“तुका खंय चावला गो फुरसा?” त्यांनी विचारलं. हसल्या नाहीत.

साबणाचा अंश काचेला राहिला की धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. रक्ताला गोठायला कोरी काच लागते. हे मला तेव्हा कळलं, हाताला कापूस लावून उभी असताना. लुईझा सिस्टरनी गोदाम उघडायला लावून नवं खोकं आणलं, धुळीसकट. त्यातल्या नळीत सुनंदाचं रक्त घट्ट गोठलं. फुरशाने चावलं होतं, पण विष सोडलं नव्हतं. रात्रभर दर काही तासांनी चाचणी करून दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी सोडलं. तिचं औषध फ्रिजमध्ये राहिलं.

बबनचं काय, ते कधीच कळणार नाही. औषध दिल्यावर मागचं काही शोधता येत नाही. सूज सुंभाची असेल, हिरड्या स्वच्छ होत्या, बहुधा त्याला औषध लागत नव्हतं. ‘बहुधा’ हा शब्द इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे.

मी लुईझा सिस्टरना विचारलं, आता काय करायचं? मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, माणूस वाचला ना. त्या म्हणाल्या, “माका कित्याक इचारतंस? धुतलंस तू, लिवक पण तुकाच व्हया.” मी रिपोर्टच्या वहीत सगळं लिहिलं, साबणाच्या पावडरीसकट. आणि बबनच्या बायकोला जाऊन सांगितलं की नळी मी धुतली होती, चूक माझी होती, कदाचित तुमच्या नवऱ्याला हे सोसावं लागलं नसतं. ती विळा पिशवीत घालून नवऱ्याच्या खाटेकडे गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मला लेखी ताकीद मिळाली. लुईझा सिस्टरना ‘तात्पुरत्या स्वरूपात’ परत आणलं आणि मला त्यांच्या हाताखाली ठेवलं, बहुतेक शिक्षा म्हणून. ती शिक्षा पाच कापण्या चालली. नोकरीतले तेवढे सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत. रेघ कुठे मारायची, कोणाला पुन्हा तपासायचं, डॉक्टरांना कधी आणि कशा शब्दांत टोकायचं, हे सगळं मी त्या पाच वर्षांत शिकले. कधी कधी दुपारी रुग्ण नसताना त्या मला नुसतं विचारत, अमुक माणूस आला, पापण्या जड झाल्यात, सूज नाही, काय असेल? मी फुरसं म्हटलं की त्या डबा उघडून जेवायला लागत. मग मला कळायचं की उत्तर चुकलं, ही खूण मण्यारीची.

हल्ली मला प्रश्न पडतो की नर्स म्हणजे कुठेही बसवता येणारी खुर्ची, हे कोणी ठरवलं? हाडाच्या डॉक्टरला कोणी सहा महिन्यांनी कानाच्या विभागात पाठवत नाही. देवबागला खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा दर मोसमात सरकतो, तिथून होडी काढणारा तांडेल कोणी पाळीपाळीने बदलत नाही. सगळ्यांना सगळं यायला हवं, हे मला मान्य आहे. बदल्या असाव्यात, नाहीतर माणूस आंबतो. पण सगळ्यांना सगळं थोडं थोडं येऊन एका खोलीत कोणालाच काही पुरतं येत नसेल, तर सुनंदासारखी बाई कोणाच्या भरवशावर रिक्षातून उतरणार?

लुईझा सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ आणि भाषणं झाली. एकाने त्यांना सेवाभावी म्हटलं, दुसऱ्याने प्रेमळ, तिसऱ्याने तर हसतमुख म्हटलं. हसतमुख! मी मागच्या रांगेत बसून दात-ओठ खात होते. बाई हुशार आहे असं एकानेही म्हटलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकाची नोंद करताना मी कारकुनाच्या खांद्यावरून वाकून बघितलं. रुजू झाल्याच्या तारखा, रजा, वेतनवाढी सगळं होतं. फुरशाचा एक शब्द नव्हता.

म्हणून यंदा यादीचं कळल्यावर मी रविवारभर चिडचिड केली आणि सोमवारी सकाळी अधीक्षकांच्या खोलीत गेले. बरोबर तन्वी होती. तन्वी दोडामार्गची, अठ्ठावीस वर्षांची, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. साहेब चांगला माणूस आहे. त्यांनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा, एका विभागाला सवलत दिली की उद्या सगळे मागतील. शिवाय चाचणी सोपीच आहे, नव्या मुलींना आपण माहिती देऊ.

मी दोन नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. एक मळकट, एक चकचकीत. विचारलं, साहेब, यातली कुठली घ्याल? त्यांनी हसून चकचकीतकडे बोट दाखवलं. मग मी बाही वर केली आणि तन्वीने माझं रक्त काढून दोन्हींत घातलं. साहेबांना म्हटलं, वीस मिनिटं द्या, टेबलाला हात लावू नका. त्यांना सही करायची होती, ती त्यांनी मांडीवर फाइल घेऊन केली. त्या वीस मिनिटांत मी त्यांना बबनची गोष्ट सांगितली. माझ्या हाताने लिहिलेलं रिपोर्टचं ते पान पिवळं पडलं होतं, ते वाचायला दिलं. वाचताना ते एकदाच थांबले आणि म्हणाले, हे तुमच्याच विरुद्ध आहे. मी म्हटलं, हो, माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

तन्वीने नळ्या तिरक्या केल्या. मळकट नळीत रक्त जागचं हललं नाही. चकचकीत नळीत ते वाहिलं. साहेबांनी ती नळी उचलून उजेडाकडे धरली. त्यांनी हीच नळी निवडली होती.

दुपारी आदेश निघाला. कापणीच्या मोसमात सर्पदंशासाठी तीन परिचारिकांचं स्वतंत्र पथक, नावं खाली, मोसम संपेपर्यंत बदली नाही, आणि या कामाची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. अर्ध्या पानाचा कागद. पुढच्या वर्षी साहेब बदलले तर काय, हे मला माहीत नाही. पण नीलम तो कागद वाचून खुर्चीत नीट बसली, ते मी बघितलं.

गेल्या आठवड्यात नव्या भाताचे पोहे घेऊन देवबागला गेले. लुईझा सिस्टरच्या मुलाने घराला दोन खोल्या जोडून पर्यटक ठेवायला सुरुवात केलीय. अंगणात दोरीवर पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे काळे अंगरखे वाळत होते आणि त्यांच्यामागे सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. आता त्यांना जवळचं नीट दिसत नाही. मी आदेश वाचून दाखवला. पथक, तीन नावं, सेवापुस्तकातली नोंद. त्या ऐकत होत्या. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही, आणि मला कागद घडी घालायची घाई झाली.

त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, “आणि नळयो? कोण धुवक नाय मा?”

मी म्हटलं, नाही, आता खोक्यावरच लिहिलंय. काय लिहिलंय ते त्यांना बघायचं होतं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून आणला होता तो दाखवला. खोक्याच्या झाकणावर तन्वीने लाल शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘या नळ्या धुवू नयेत. वीस मिनिटं हलवू नयेत. शंका आल्यास आधी स्वतःचं रक्त तपासावं. ही पद्धत लुईझा सिस्टर यांची.’

त्यांनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीवर दोन बोटं ठेवून अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. आतून सून चहा घेऊन आली, तो निवत राहिला. मला शेवटची एसटी गाठायची होती, पण मोबाइल त्यांच्याच हातात होता, आणि तो परत मागायचं धाडस मला झालं नाही.